अण्णा, पाटील आणि जळकं वायरिंग

परदेशात आई-वडील राहायला आले की पहिले पंधरा दिवस कसे सही जातात! नायगारा होतो, शिकागो होतं, मॉलमध्ये फोटो होतात. खरा प्रॉब्लेम सोळाव्या दिवशी सुरू होतो. तुम्ही सकाळी लॅपटॉप उचलून ऑफिसला पळता आणि घरात मागे उरतात दोन माणसं, एक टीव्ही आणि खिडकीतून दिसणारा रिकामा रस्ता.

२०२४ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे हेच झालं. आम्ही राहतो डेट्रॉइटजवळ, ट्रॉय नावाच्या गावात. आईने आल्या आल्या किचन ताब्यात घेतलं, त्यामुळे तिचा प्रश्न मिटला. पण अण्णांचं काय? अण्णा म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस. जीप, ट्रक, अँबॅसेडर, पद्मिनी, जे येईल ते. २०१९ मध्ये त्यांनी अचानक दुकान बंद केलं. का, विचारलं तर म्हणाले, 'कंटाळा आला.' बास! आम्हीही फार खोदलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. बापाचे हात काळे असणं हे इंजिनिअर मुलाला लहानपणी जरा खुपतंच. मोठेपणी ते खुपणं जातं, पण त्याबद्दल बोलायचं मात्र राहून जातं.

तर अण्णा जूनभर सोफ्यावर बसून होते. रोज संध्याकाळी एकच प्रश्न, 'तिकीट तेरा ऑगस्टचंच हाय न्हवं?'

मग एका शनिवारी शेजारच्या गॅरेजचं शटर वर गेलं.

शेजारी म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे एक गोरे आजोबा. उंच, जाड भुवया, हाताची घडी घालून अंगणात उभे राहायची सवय. अण्णांनी त्यांना बघून पहिल्याच दिवशी परस्पर नाव ठेवलं होतं, 'पाटील'. त्या दिवशी पाटलांनी गॅरेजमधल्या गाडीवरची चादर ओढली आणि अण्णा चप्पल न घालता रस्ता ओलांडून गेले. खाली होती १९६९ ची शेव्हरले शेव्हेल, एसएस ३९६!

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मंडळी, ही साधीसुधी जुनी गाडी नाही. हिला म्हणतात मसल कार. फंडा अगदी सोपा आहे. मध्यम आकाराची, घरगुती दिसणारी गाडी घ्यायची आणि तिच्यात भलंमोठं इंजिन कोंबायचं. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने जीटीओ आणली, तिथून ही लाट सुरू झाली असं बहुतेक जण मानतात. पुढची सात-आठ वर्षं डेट्रॉइटच्या कंपन्यांत नुसती चढाओढ लागली होती. मग इन्शुरन्स महागला, धुराचे कायदे आले, १९७३ चं तेलसंकट आलं आणि पार्टी संपली. शेव्हेलच्या नावातलं ३९६ म्हणजे इंजिनाचे घनइंच, आपल्या भाषेत साडेसहा लिटर. आपल्या पद्मिनीचं इंजिन होतं १०८९ सीसीचं. म्हणजे एका बॉनेटखाली सहा पद्मिनी! अण्णांना मी हा हिशोब सांगितला तर त्यांनी बॉनेटला हात लावून नमस्कारच केला.

गाडी आठ वर्षं बंद होती. कारण विचारलं तर पाटलांनी डॅशबोर्डखाली बोट दाखवलं. अण्णा गुडघ्यावर बसले, आत डोकं घातलं, एकदा नाकाने वास घेतला आणि म्हणाले, "वायरिंग जळलंय."

झालं होतं असं की २०१६ मध्ये रस्त्यातच डॅशमधून धूर निघाला. पाटलांनी बॅटरीची वायर उपटली म्हणून गाडी वाचली. नंतर उंदरांनी आत घरटी केली, उरलेलं इन्सुलेशन कुरतडलं. आता एक गिऱ्हाईक मागे लागलं होतं, अर्ध्या भावात. पाटलीणबाईंचं मत, देऊन टाका. पाटलांना द्यायची नव्हती. दोन्ही मुलांना हॉस्पिटलमधून याच गाडीतून घरी आणलं होतं. पण हात थरथरायला लागले होते, डॅशखाली उताणं झोपून काम करणं जमणार नव्हतं.

अण्णा मला म्हणाले, "इचार त्यांना, मी करू काय?"

मी विचारलं. पाटलांनी अण्णांच्या हातांकडे बघितलं, चेहऱ्याकडे नाही. आणि मान हलवली.

आता थोडं टेक्निकल, पण घाबरू नका. गाडीतल्या सगळ्या वायरी सुट्या नसतात, त्यांची एक मोळी बांधलेली असते, फांद्या फुटलेली. तिला म्हणतात वायरिंग हार्नेस. शेव्हेलमध्ये तिचे मुख्य चार भाग आहेत. डॅशखालचा, इंजिनाचा, पुढच्या दिव्यांचा आणि मागच्या दिव्यांचा. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यात एक मोठा कनेक्टर असतो. आतून फ्यूज बॉक्स, बाहेरून इंजिनाकडचे प्लग.

माझं पहिलं म्हणणं होतं, जळल्या तेवढ्या वायरी बदलू, टेप मारू, काम खतम. अण्णांनी एक जुनी वायर वाकवून दाखवली. प्लास्टिक कडकन मोडलं. आतलं तांबं हिरवट काळं पडलेलं. म्हणाले, "वरनं नवी साडी नेसवलीस म्हणून आजार जातोय व्हय?" मुद्दा बरोबर होता. तांबं गंजलं की वायरीचा रेझिस्टन्स वाढतो, तिथे उष्णता तयार होते, दिव्यापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही. एक ठिगळ लावलं की पुढचा कमजोर सांधा बोलायला लागतो. पन्नास वर्षांपुढचा हार्नेस असला की पूर्ण बदललेला बरा.

सुदैवाने अमेरिकेत या गाड्यांचे हार्नेस अजूनही नवे बनवून मिळतात, मूळ रंगांच्या वायरी, मूळ कनेक्टर. पूर्ण सेट हजार डॉलरच्या पुढे जातो. आणि गंमत माहितीये? आजही जगभर हार्नेस मुख्यतः हाताने बनतात. फळ्यावर खिळे मारून, त्यावर एकेक वायर अंथरून. रोबोटला लवचिक वायर हाताळणं अजून नीट जमत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर तिथून येणारे हार्नेस थांबले, तर युरोपातले मोठमोठे कारखाने बंद ठेवावे लागले होते. एवढी ती मोळी महत्त्वाची!

मी स्वतः गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी कसे बोलतात ते बघणं हा माझा धंदा. ज्या कॅन बसवर माझं पोट चालतं ती बॉशने १९८६ मध्ये इथेच, डेट्रॉइटच्या परिषदेत जगाला दाखवली. दोन वायरींवरून डझनावारी कॉम्प्युटर बोलतात. मला वाटलं होतं, एकोणसत्तरची गाडी म्हणजे आपल्याला किस झाड की पत्ती. पहिल्याच शनिवारी माझी रवानगी टॉर्च धरायच्या कामावर झाली.

अण्णांची पद्धत ठरलेली. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची. मग काही सोडवायच्या आधी फोटो. (हे काम माझ्याकडे. 'तुझा फोन हाय न्हवं भारीतला?') मग प्रत्येक टोकाला मास्किंग टेपची चिठ्ठी. सेल्फ, हॉर्न, डिपर, अर्थ. सगळं मराठीत! पाटील ती अक्षरं नक्षी बघावी तशी बघायचे. सीट काढून ठेवली, स्टिअरिंगचा दांडा खाली सोडला, मीटर बाहेर घेतले आणि तिसऱ्या शनिवारी जुना हार्नेस अख्खा बाहेर आला. गॅरेजच्या फरशीवर तो माशाच्या काट्यासारखा पसरला. शेजारी नवा अंथरून फांदीला फांदी जुळवायची.

भाषेचा प्रश्न येईल असं मला वाटलं होतं. कसला काय! अण्णांनी डिस्ट्रिब्युटरकडे बोट दाखवून म्हटलं, "डेल्को." आपल्याकडे गॅरेजमध्ये डिस्ट्रिब्युटरला हेच म्हणतात. पाटील हसतच सुटले. कारण त्यावर खरंच डेल्को-रेमी असं लिहिलेलं होतं! पायाने दाबायचा डिपर बघून अण्णा खूश, 'आमच्या अँबॅसेडरगत हाय.' मग वाटणी झाली. कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची टाकी पाटलांकडे, वायरी अण्णांकडे, कॉफी माझ्याकडे.

आणि रंग माझ्या लेकीकडे. सात वर्षांची आहे. अण्णा वायर उचलायचे आणि विचारायचे, "हा कुठला रंग, सांग बघू?" ती ओरडायची, "पर्पल!" मग अण्णा विचारायचे, "पर्पल म्हंजे मराठीत काय?" "जांभळा!" मला वाटलं, वा! नात मराठी शिकतेय. वीकएंडला फुकटात क्लास.

जुलैच्या शेवटी एका रात्री मी एकटाच गॅरेजमध्ये चिठ्ठ्या तपासत बसलो होतो. या गाड्यांत रंगांचा नियम पक्का असतो. तपकिरी म्हणजे पार्किंगचे आणि मागचे दिवे, जांभळी म्हणजे सेल्फ, गुलाबी म्हणजे इग्निशन. जुन्या हार्नेसवर दोन वायरींना 'तपकिरी' अशी चिठ्ठी होती. त्यातली एक स्वच्छ जांभळी होती. मग दुसरी चूक सापडली, गडद निळीला 'काळी'. लेक त्या दिवशी वाढदिवसाला गेली होती.

मी अण्णांना तिथेच बोलावलं. जांभळी वायर हातात दिली. "अण्णा, रंग कुठला?"

ते बराच वेळ वायर उजेडात धरून उभे राहिले. मग म्हणाले, "उगं इचारू नको."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिकला की सगळ्यावर पिवळट पडदा येतो आणि निळे-जांभळे रंग आधी मरतात. २०१९ मध्ये एका जीपच्या वायरी त्यांनी चुकीच्या जोडल्या होत्या. गिऱ्हाइकाने किल्ली फिरवली आणि जीप दुकानासमोरच पेटली. माणूस वाचला. अण्णांनी घरात कुणालाही न सांगता साठवलेल्या पैशातून त्याला भरपाई दिली आणि महिन्याने दुकानाला कुलूप घातलं. "चाळीस वर्षांत एक गाडी जळाली न्हवती," एवढंच म्हणाले. पाच वर्षं हे ओझं एकट्याने वागवलं. ऑपरेशन का नाही केलं? "करून काय करायचं? दुकान कुठं हाय आता?"

मला काय बोलावं सुचेना. मी रोज ऑफिसात म्हणतो, चूक झाली तर रिपोर्ट करा, कुणी ओरडणार नाही. आणि माझ्याच घरात...

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला पाटलांसमोर उभं केलं. "सांग त्यांना. लोकाच्या गाडीला हात लावतोय, त्यांना कळाय पायजे." मी एकेक वाक्य इंग्लिशमध्ये सांगत गेलो. जीप, डोळे, चिठ्ठ्या, सगळं. तोंड कोरडं पडलं होतं. वाटलं, आता पाटील म्हणणार, राहू दे, विकतो.

पाटील उठले. कचऱ्याच्या डब्यातून जुन्या हार्नेसचा जळका तुकडा घेऊन आले. दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळलेली. १९८५ मध्ये स्टिरिओ बसवताना त्यांनी स्वतःच तो सांधा मारला होता. फ्यूजशिवाय! धूर तिथूनच निघाला होता. बायकोला आजवर सांगितलं होतं, उंदरांनी केलं. अण्णांकडे बघून ते म्हणाले, माझ्या गाडीत त्या दिवशी बायको बसली होती.

मी भाषांतर केलं. अण्णांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "निदान टेप तरी चांगली मारायचीस की, पाटला." हे मात्र मी भाषांतर केलं नाही.

त्यानंतर नियम झाला. प्रत्येक जोडाचा रंग दोघांनी मोठ्याने म्हणायचा, लेकीने आणि मी. अण्णा फक्त हाताने काम करणार. आणि हात काय चालत होते! प्रत्येक अर्थच्या जागी रंग खरवडून पत्रा चकचकीत करायचा, मगच बोल्ट. मी म्हटलं, अण्णा, एवढं कशाला? म्हणाले, "अर्थ नसंल तर सगळं व्यर्थ." कॅलेंडरवर छापावं असं वाक्य! नवा हार्नेस अंथरताना त्यांची बोटं एका वायरीवर थांबली. "हिला कापड का गुंडाळलंय?" मी नकाशा बघून सांगितलं, ही रेझिस्टन्स वायर. गाडी चालू असताना कॉइलला पूर्ण बारा व्होल्ट गेले तर पॉइंट जळतात, म्हणून ही मुद्दाम व्होल्टेज कमी करते. स्वतः गरम होते, म्हणून कापड. अण्णांनी मान हलवली आणि पुढे सरकले.

रविवार, ११ ऑगस्ट. तिकीट मंगळवारचं. वायरिंग पूर्ण. मी बॅटरी जोडायला निघालो तर अण्णांनी हात धरला. इंडिकेटरचा एक बल्ब घेतला आणि बॅटरीची निगेटिव्ह आणि तिची केबल यांच्या मधे जोडला. युक्ती अशी की कुठे शॉर्ट असेल तर सगळा करंट बल्बमधून जाईल, बल्ब झगझगीत पेटेल, पण वायर जळणार नाही. नवीन वायरिंग केलं की हे कराच, दहा रुपयांचा बल्ब गाडी वाचवतो.

बल्ब पेटला!

झगझगीत नाही, मंद. पण पेटला. अण्णांचा चेहरा उतरला. मी नकाशा उघडला. पाटील शांतपणे चालत गेले आणि गाडीचं उघडं दार लावलं. बल्ब विझला. आतला छताचा दिवा, दुसरं काही नाही! पाटलीणबाई एवढ्या हसल्या की खुर्चीत बसल्या.

मग बॅटरी थेट जोडली. हेडलाइट, हॉर्न, इंडिकेटर, सगळं पास. पाटलांनी किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन भडकलं, गॅरेज हादरलं... आणि किल्ली सोडताच मेलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. मी मल्टिमीटर काढला, लॅपटॉप उघडला, पेट्रोलवर शंका घेतली. अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"किल्ली धरली की चालतंय, सोडली की मरतंय. म्हंजे सेल्फच्या वाटंनं कॉइलला करंट येतोय, चालूच्या वाटंनं येईना. ती कापडाची वायर कुठं गेली?"

मंडळी, मी या विषयात मास्टर्स केलंय. पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. किल्ली स्टार्टवर असताना कॉइलला सेल्फच्या सॉलेनॉइडकडून वेगळी पिवळी वायर पूर्ण व्होल्टेज देते. किल्ली सोडली की ती बंद होते आणि काम रेझिस्टन्स वायरकडे येतं. तीच तुटलेली असेल तर इंजिन बंद पडणारच.

अण्णांनी इंजिनाच्या बाजूने पत्र्यावरच्या प्लगमध्ये हात घातला. बघितलं नाहीच. बोटांनी एकेक वायर हलकेच ओढत गेले. प्लास्टिक, प्लास्टिक, प्लास्टिक, कापड. कापडाची वायर हातात आली. तिची पिन प्लगमध्ये अडकलीच नव्हती, जोडताना मागे सरकली होती. पिनेचं जिभेसारखं पातं किंचित वर उचललं, परत ढकललं, 'टक्' आवाज झाला.

किल्ली. सेल्फ. भडका. किल्ली सोडली.

चालू राहिलं! साडेसहा लिटर इंजिनाचा तो आवाज कानाने नाही, पोटाने ऐकू येतो. आई पोळ्या टाकून बाहेर आली.

संध्याकाळी पाटलांनी गाडी वुडवर्ड अव्हेन्यूवर काढली. १९०९ मध्ये याच रस्त्यावर काँक्रीटचा एक मैल बांधला गेला, अमेरिकेतल्या पहिल्यांपैकी. साठच्या दशकात इथेच पोरं सिग्नलला रेस लावायची. १९९५ पासून ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ भरते, जुन्या गाड्यांची मोठी जत्रा. ती पुढच्या शनिवारी, १७ तारखेला होती. पण आठवडाभर आधीपासूनच लोक कडेला खुर्च्या टाकून बसतात. पुढे पाटील आणि अण्णा, मागे मी आणि लेक. अण्णा एका हाताने फ्यूज बॉक्स चाचपत होते, गरम लागतोय का बघायला. लाल सिग्नलला पाटील म्हणाले, यांना सांग, पुढच्या वर्षी मागच्या दिव्यांचे सॉकेट बदलायचे आहेत. मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "डोळं करून येतो म्हणावं."

ऑक्टोबरमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डिसेंबरमध्ये डाव्याचं. पट्टी निघाली त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. जाताना त्यांनी जुन्या हार्नेसची वीतभर वायर बॅगेत टाकली होती, ती तळहातावर ठेवलेली. खाली एकच शब्द, 'जांभळी'.

उद्यमनगरातलं दुकान पुन्हा उघडलंय, सकाळी दोनच तास. बोर्ड तोच आहे. नवीन फक्त एक नियम. वायर जोडायच्या आधी शेजारच्या चहावाल्या पोराला रंग विचारायचा. दिसत असला तरीही.

तुमच्या घरातही कुणीतरी 'कंटाळा आला' म्हणून काहीतरी बंद केलं असेल. या वीकएंडला एकदा विचारून बघा. आणि हो, गाडीत नवा स्टिरिओ बसवणार असाल तर फ्यूज लावायला विसरू नका, बॉस!